पाणी नितळ होतं, तरी मासे का मेले? गच्चीवरचं ॲक्वापोनिक्स पुन्हा सुरू करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गच्चीवर साधारण २० चौरस मीटर मोकळी जागा. १००० लिटरची टाकी आणि खडीचा एक वाफा जोडून तुम्ही ॲक्वापोनिक्स सुरू केलं, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी झाडांना द्यायचं आणि तेच पुन्हा टाकीत आणायचं. टाकी भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिलापिया माशाची ६० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, दिवसातून तीनदा मूठभर खाद्य घातलं. दहा दिवसांत चाळीसेक मासे गेले. पाणी शेवटपर्यंत नितळ होतं. आता छोटं हरितगृह उभारून पुन्हा सुरुवात करायची आहे आणि यातून बरं उत्पन्न निघेल का, हेही तुम्ही विचारलं आहे.

‘पाणी नितळ होतं’ हे वाचलं आणि मला माझी पहिली टाकी आठवली. मीही तेव्हा भेटेल त्याला हेच सांगत होतो. अमोनियाला रंग नसतो, आणि मासे मरतात तेवढ्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. तुमचे मासे अमोनियानेच गेले असं मला वाटतं. कसं ते हिशेबाने दाखवतो, कारण पुढचं सगळं याच हिशेबावर उभं आहे.

माशांच्या नेहमीच्या खाद्यात ३२ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि प्रथिनाच्या वजनात १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १०० ग्रॅम खाद्यात सुमारे ५ ग्रॅम नायट्रोजन. त्यातला तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो, थोडा विष्ठेतून जातो आणि उरलेला, ३ ग्रॅम धरू, मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. तीन मुठी मिळून दिवसाला १०० ग्रॅम धरले तर १००० लिटर पाण्यात रोज लिटरमागे ३ मिलिग्रॅमची भर पडते. चार दिवसांत १२. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजलं असेल तर त्याचा अमोनिया वेगळा.

हा सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. पाण्याचा सामू (पीएच) ७ आणि तापमान २५ अंश असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. सामू ८ झाला की तोच वाटा ५ टक्क्यांच्या वर जातो आणि ९ ला तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतो. नळाचं किंवा बोअरचं पाणी बऱ्याचदा ८ च्या आसपास असतं. म्हणून दोघांनी एकाच दिवशी, तेवढेच मासे, तेवढंच खाद्य घालून सुरुवात केली तरी एकाचे जगतात आणि दुसऱ्याचे मरतात. त्यात नशिबाचा भाग नाही.

हा अमोनिया संपवणारे जिवाणू तुमच्या टाकीत तेव्हा नव्हतेच. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांना मारक असतं. ते रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र झाडं आवडीने घेतात आणि माशांना त्याचा फारसा त्रास होत नाही. हे जिवाणू खडीवर, पाइपांच्या आत, टाकीच्या भिंतींवर पातळ बुळबुळीत थर करून राहतात. त्यांची वाढ फार सावकाश होते. २५ अंशांच्या आसपास तापमान असेल तर चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहूनही जास्त. हा काळ कोणालाच टाळता येत नाही. जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर खडी किंवा फिल्टरचा स्पंज मिळाला तर तो थोडा कमी होतो, इतकंच.

या वेळी हे चार-सहा आठवडे मासे न घालता काढा. पाणी भरा आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून दोन दिवस खळखळू द्या, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. (पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते असं उडत नाही. पाणीपुरवठ्याकडे विचारून घ्या आणि असल्यास ते काढणारं रसायन वापरा.) मग अमोनियम क्लोराइड अगदी थोडं थोडं घालत लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया दिसेल इतपत आणा आणि पंप चोवीस तास चालू ठेवा. टेस्ट किटने दोन दिवसांआड अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासून वहीत लिहा. आधी अमोनिया चढून उतरेल. मग नायट्राइट चढेल आणि बरेच दिवस वरच अडून बसेल. याच टप्प्यावर लोकांचा धीर सुटतो. शेवटी एक दिवस असा येईल की संध्याकाळी घातलेला २ मिलिग्रॅम अमोनिया दुसऱ्या संध्याकाळी शून्य दिसेल, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेटची नळी लालभडक. मासे त्या दिवशी आणा. किट घेणं जमत नसेल तर मासेही आणू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. किटशिवाय आपण आंधळे असतो आणि त्याची किंमत मुके जीव मोजतात.

आता मासे किती आणि झाडं किती. नवीन माणूस टाकीच्या लिटरवरून माशांची संख्या ठरवतो आणि तिथेच चुकतो. मोजायचं ते रोजच्या खाद्याचं वजन. पाण्यात पोषण येतं ते खाद्यातून, घाण येते तीही खाद्यातूनच. अमेरिकेच्या अखत्यारीतल्या व्हर्जिन बेटांवरच्या विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी १९८० पासून पुढची कितीतरी वर्षं तिलापिया आणि भाज्यांवर काम केलं. तरंगत्या फळ्यांवर झाडं लावायच्या पद्धतीसाठी त्यांनी जो आकडा रूढ केला तो असा: झाडांच्या एका चौरस मीटरला दिवसाला ६० ते १०० ग्रॅम खाद्य. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली छोट्या संचांसाठी दिलेला आकडा थोडा सौम्य आहे. पालेभाज्यांना ४० ते ५० ग्रॅम आणि टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांना ५० ते ८०. घरच्या संचाला मी हाच दुसरा आकडा धरायला सांगतो.

तुमच्या जागेत ४ चौरस मीटर पालेभाजी सहज बसेल. चौरस मीटरला ५० ग्रॅमप्रमाणे दिवसाला २०० ग्रॅम खाद्य झालं. मोठा होत आलेला मासा रोज आपल्या वजनाच्या दीड टक्का खातो असं धरलं तर २०० ग्रॅम खायला १३ किलोच्या आसपास मासे हवेत. ४५० ग्रॅमचा एक, म्हणजे तीस मासे. १००० लिटरला १० ते २० किलो मासे ही घरगुती संचाची सुरक्षित मर्यादा, त्यातही हे बसतं. तुम्ही साठ आणले होते, बरोबर दुप्पट. जिवाणू तयार असते तरी सहा महिन्यांनी तुम्ही अडचणीत आला असतात.

याची दुसरी बाजूही आहे. बोटुकली २० ग्रॅमची असताना तीस माशांचं मिळून वजन ६०० ग्रॅम. ती वजनाच्या ४-५ टक्के खातात, म्हणजे दिवसाला २४-३० ग्रॅम. त्यावर जेमतेम अर्धा चौरस मीटर पालेभाजी पोसते. पहिल्या महिन्यात चारही चौरस मीटर लावून मोकळे झालात तर रोपं पिवळी पडतील आणि तुम्ही घाबरून खाद्य वाढवाल. खाद्य माशांच्या भुकेपेक्षा वाढवायचं नाही. झाडं माशांच्या मागोमाग वाढवत न्या. दहा-पंधरा मिनिटांत जेवढं संपतं तेवढंच घाला, उरलं तर जाळीने काढा, आणि किती घातलं ते वजन करून त्याच वहीत लिहा. मुठीचा अंदाज नको, मूठ प्रत्येकाची वेगळी असते.

माशांच्या जातीबद्दल फार लिहीत नाही. तिलापिया काटक आहे, त्याला २७ ते ३० अंश मानवतात आणि तापमान १५ च्या खाली गेलं की तो खाणं सोडतो. तुमच्याकडे थंडी कडक असेल तर कार्पच्या जाती बऱ्या. तिलापिया पाळायला काही ठिकाणी परवानगी लागते, ते आधी पाहून घ्या. मासे खायचे नसतील तर गोल्डफिश ठेवा, झाडांना काही फरक पडत नाही.

खडीबद्दल मात्र जरा थांबून सांगायचं आहे. माझ्या दुसऱ्या संचात सगळं सुरळीत होतं, पण पाण्याचा सामू ८ च्या खाली उतरतच नव्हता. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं चित्र. मी लोह घालायचो, दोन दिवस बरं दिसायचं, पुन्हा पिवळं. तीन महिने असे गेले. एका अनुभवी मत्स्यपालकाने वाफ्यातले चार खडे उचलले, बशीत ठेवले आणि त्यांवर व्हिनेगर ओतलं. खड्यांच्या कडांनी बारीक बुडबुड्यांची रांग उठली, कान जवळ नेला तर हलका चरचर आवाज येत होता. खडी चुनखडीची होती. ती रोज पाण्यात थोडी थोडी विरघळून सामू वर ओढत होती, आणि तेवढ्या सामूला मी घातलेलं लोह झाडांना मिळतच नव्हतं. सगळी खडी उपसून बदलावी लागली. तुमच्या वाफ्यातले पाच-सहा खडे आजच वाळवा आणि व्हिनेगरमध्ये टाकून पाहा. बुडबुडे आले तर पुढचं काही करण्याआधी खडी बदला.

खडी निर्दोष असेल तर काही महिन्यांनी उलटं होतं, सामू आपसूक उतरू लागतो. जिवाणू अमोनिया फोडताना आम्ल तयार करतात. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७ ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता (आम्ल पेलण्याची पाण्याची ताकद) खर्च होते, म्हणजे तुमच्या १०० ग्रॅम खाद्यामागे २० ग्रॅमच्या वर. झाडांना ६ च्या आसपासचा सामू आवडतो, जिवाणूंना ७ च्या वरचा, माशांना मधला चालतो. तिघांची तडजोड ६.८ ते ७ ला होते. ६.५ च्या खाली उतरू लागला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून, अगदी थोडं, बादलीभर पाण्यात विरघळवून घालायचं. दोन्ही जहाल असतात, हातमोजे आणि चष्मा विसरू नका. यात सामू सावरतोच, शिवाय कॅल्शियम आणि पोटॅशियमही मिळतं, जे माशांच्या खाद्यातून झाडांना पुरेसं येत नाही. तिसरी कमतरता लोहाची. डीटीपीए प्रकारचं चिलेटेड (झाडांना घेता येईल असं विरघळलेलं राहणारं) लोह दर तीन आठवड्यांनी लिटरमागे २ मिलिग्रॅम या बेताने घाला. ईडीटीए प्रकारचं स्वस्त पडतं, पण आपल्या सामूला ते टिकत नाही.

प्राणवायूकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. २० अंशांना पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. माशांना ५ च्या वर हवा. उन्हाळ्यात मासे जास्त खातात, जास्त श्वास घेतात, जिवाणूही जास्त ओढतात आणि नेमका तेव्हाच पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पहाटे टाकीजवळ जा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद आणि हवा वाढवा. पाण्याचा पंप आणि हवेचा पंप वेगवेगळे ठेवा, आणि हवेच्या पंपाला बॅटरीचा आधार द्या जो वीज जाताच आपोआप सुरू होईल. मासे दाट असतील तर वीज गेल्यावर तासाभरात टाकी हातची जाऊ शकते. माझी एकदा रात्री गेली. सकाळी पाणी नेहमीसारखंच नितळ होतं आणि वर सगळे मासे पांढरी पोटं करून तरंगत होते. त्यानंतर मी बॅटरीशिवाय एकही संच उभारला नाही.

आता हरितगृह. ते कशासाठी हवं आहे हे आधी स्वतःला विचारा, कारण थंड हवेतलं आणि उष्ण हवेतलं हरितगृह या दोन निराळ्या वस्तू आहेत. थंडीपासून बचाव हवा असेल तर ते बंदिस्त, उष्णता धरून ठेवणारं लागतं. उष्ण हवेत मात्र ते पाऊस, प्रखर ऊन आणि किडी अडवण्यासाठी असतं, आणि तिथे उष्णता बाहेर घालवणं हेच मुख्य काम. मी पाहिलेली गच्चीवरची बहुतेक छोटी हरितगृहं फसली ती उष्णतेने. प्लॅस्टिकचा कागद चहूबाजूंनी ओढला, दार एक, खिडकी नाही. दुपारी आत उभं राहवत नाही आणि लेट्यूस कडू होऊन फुलावर येतं.

छपराच्या शेंड्याला हवा जायला जागा हवी आणि खाली बाजूंना यायला. गरम हवा वर चढून निघून जाते आणि खालून ताजी ओढली जाते, पंख्याविना. उघडता येणारी जागा जमिनीच्या क्षेत्राच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी ठेवा, म्हणजे तुमच्या २० चौरस मीटरला ४. पांढरी माशी अडवणारी बारीक जाळी लावणार असाल तर त्याहून बरीच जास्त, कारण जाळी वाराही अडवते. उंची मध्यभागी तीन मीटरच्या आसपास असू द्या. ठेंगणं हरितगृह झटकन तापतं. वरून काढता-घालता येणारी शेडनेट लावा. कायमची बांधलेली शेडनेट ढगाळ दिवसांत झाडांना उपाशी ठेवते.

माशांची टाकी हरितगृहात असण्याचा एक मोठा फायदा असा की ती उष्णतेची कोठी होते. १००० लिटर पाणी १० अंशांनी निवलं तर साडेअकरा युनिट विजेइतकी उष्णता बाहेर सोडतं. दिवसा ते हवेतली उष्णता शोषून ती फार तापू देत नाही आणि रात्री तीच ऊब झाडांना परत देतं. पण म्हणून टाकी उन्हात ठेवू नका. उघड्या टाकीवर ऊन पडलं की शेवाळ माजतं, दुपारी सामू वर जातो, पहाटे प्राणवायू खाली येतो. टाकी उत्तरेच्या बाजूला, गडद आच्छादनाखाली, वर झाकण असलेली ठेवा. झाकणाने मासे उडी मारून बाहेर पडण्याचंही थांबतं.

गच्चीच्या वजनाचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो: कुणा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवलं आहे का? १००० लिटर पाणी म्हणजे एक टन, साधारण एका चौरस मीटरवर. ३० सेंटिमीटर खोल खडीचा वाफा पाण्यासकट चौरस मीटरला ६०० किलोच्या घरात जातो. राहत्या इमारतींच्या गच्च्या बऱ्याचदा चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो वरकड भार धरून बांधलेल्या असतात. टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवली असेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी ती रिकामी करा. इंजिनिअरने सांगितलं तर टाकी तुळईवर किंवा भिंतीवर येईल अशी जागा बदला, खडीचा वाफा एकच चौरस मीटर ठेवा आणि बाकीची झाडं तरंगत्या फळ्यांवर किंवा पाइपांत घ्या. त्यांना वजन बरंच कमी लागतं. मात्र खडी गाळणीचंही काम करते. ती कमी केलीत तर विष्ठा आणि गाळ बसायला वेगळा पिंप लावावा लागेल, नाहीतर मुळांवर चिखल साचून ती कुजतात. हरितगृहाचा सांगाडा वाऱ्याने उचलला जाऊ नये म्हणून तो गच्चीला कसा जखडायचा, हेही त्याच इंजिनिअरकडून ठरवून घ्या.

किडींसाठी फवारणीचा मार्ग जवळपास बंद आहे, हे मनाशी पक्कं करा. तांब्याची बुरशीनाशकं माशांना मारतात. पायरेथ्रमसारखी ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी औषधंही माशांना अतिशय विषारी असतात, आणि साबणाचं पाणी टाकीत ठिबकलं तर कल्ल्यांना इजा होते. मावा पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा, चिकट पिवळे सापळे टांगा, ढालकिडे सोडा, रोगट पान दिसलं की तोडून बाहेर न्या. अळ्यांवर बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूंचं औषध) चालतं. भुरी आली तर आधी हवा खेळती करा, बहुतेक वेळा तेवढ्याने निभावतं.

उत्पन्नाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण याबाबतीत फार आशा दाखवल्या जातात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये जगभरच्या ॲक्वापोनिक्स करणाऱ्यांचं सर्वेक्षण केलं. धंदा म्हणून करणाऱ्या २५७ जणांपैकी आदल्या वर्षी नफ्यात होते तिसऱ्या हिश्शाहून कमी. भाजी-माशांच्या जोडीला साहित्य किंवा प्रशिक्षणासारख्या सेवा विकणाऱ्यांना नफा होण्याची शक्यता जास्त होती. आणि ही सगळी धंदा म्हणून करणारी माणसं होती. तुमच्या ४ चौरस मीटरमधून घरापुरती ताजी पालेभाजी बाराही महिने आणि वर्षाकाठी काही किलो मासे निघतील. पंप चोवीस तास चालतो, खाद्य विकत घ्यावं लागतं, ते धरता हातात पैसे उरतील असं मी तुम्हाला सांगणार नाही. आणि नुसती भाजीच हवी असेल तर त्याच हरितगृहात चांगल्या कंपोस्टचे वाफे किंवा कुंड्या करा. कमी खर्चात, कमी जोखमीत भाजी येईल आणि सुटीवर गेलात तरी जीव टांगणीला लागणार नाही. मासे पाळण्याची मनापासून ओढ असेल तरच हे करा. मला ती आहे, म्हणून इतकी वर्षं करतो आहे.

वाचलेले मासे अजून त्याच टाकीत असतील तर त्यांच्यासाठी आजच करायचं काम वेगळं आहे. खाद्य पूर्ण थांबवा, आठवडाभर उपास त्यांना सोसतो. रोज तिसरा हिस्सा पाणी काढून क्लोरीन उडवलेलं, त्याच तापमानाचं पाणी घाला. नायट्राइट दिसत असेल तर १००० लिटरला १ किलो साधं, आयोडीन नसलेलं मीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही आणि एवढं मीठ बहुतेक पालेभाज्या सोसतात. पाणी बदलाल तेव्हा जेवढं पाणी तेवढ्या प्रमाणात मीठ पुन्हा घालत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली आले की चिमूटभर खाद्यापासून पुन्हा सुरुवात करा. त्या वीस माशांवरच जिवाणू वाढू द्या, नवे मासे दोन महिने आणू नका.